सुकटला बांधणार नाही

भेंडीचा दुसरा वाफा भिजत आला होता, तेवढ्यात सुकट येऊन कार्मेनच्या पोटरीला टेकली. कार्मेनने फावडं थांबवलं. कुत्री अशी टेकली, ओठ चाटायला लागली आणि हाक मारूनही भलतीकडेच बघत राहिली की पुढे काय होणार ते कार्मेनला ठाऊक होतं.

"विन्सेंट, पाणी फिरव तिकडे," ती ओरडली. "हिला येतेय."

विन्सेंटने पाटाच्या तोंडाशी मातीचं ढेकूळ टाकून पाणी वांग्यांकडे वळवलं. तोवर सुकट कुशीवर कोसळली होती. मान मागे वळली, चारी पाय काठीसारखे ताठ झाले, आणि मग ते हवेत धावायला लागले. दात कडकड वाजू लागले. तोंडातून फेस आला, खाली ओलं झालं. कार्मेनने फावडं आणि खुरपं लांब फेकलं, डोक्यावरचं गोणपाट काढून कुत्रीच्या तोंडावर ऊन येणार नाही असं धरलं आणि तिथेच चिखलात बसली. हात लावला नाही. पहिल्या वेळी तिने तोंडात बोटं घातली होती आणि मधल्या बोटाचं नख गेलं होतं. सुकटला तेव्हा कळलंही नव्हतं की ती चावली. बोरिवलीच्या, जनावरांच्या डॉक्टर निधीने कार्मेनला चांगलंच झापलं होतं. फीट आली की धरायचं नाही, तोंड उघडायचं नाही, चप्पल-कांदा हुंगवायचा नाही. लागेल असं काही जवळ असेल तर काढायचं, आवाज करायचा नाही, आणि लांबली तर मला फोन करायचा. बस्स.

"हाय गो मी," कार्मेन हळू आवाजात म्हणत होती. "हाय इथेच. होऊन जाऊ दे."

कुंपणापलीकडे कोणीतरी किंचाळलं.

कुंपणापलीकडची जागा विन्सेंटच्या चुलत भावाची, ऑस्टिनची. पूर्वी तिथेही भाजीच होती. आता ऑस्टिनचा मुलगा कीथ याने तिथे लाकडी खोल्या बांधल्या होत्या आणि शनिवार-रविवार अंधेरी-मालाडकडची माणसं गोराईची हवा खायला तिथे येत. त्यातली एक बाई तोंडावर हात धरून उभी होती आणि तिचा नवरा मोबाइल उंच धरून शूटिंग करत होता.

"मॅड डॉग आहे!" तो कोणाला तरी सांगत होता. "तोंडाला फेस बघ!"

"पिसाळलेली नाय ती," कार्मेन बसल्या जागेवरून म्हणाली. "फीट आलीय. लस दिलेली हाय तिला. मोबाइल खाली करा."

त्याने खाली केला नाही. कीथचा माळी बांबू घेऊन कुंपणाच्या फटीतून आत शिरायला लागला. तेव्हा कार्मेन उठली, फावडं उचललं आणि ते आडवं धरून वाफ्याच्या कडेला उभी राहिली. ती बुटकी होती, मॅक्सी गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेली, पण माळी जिथे होता तिथेच थांबला.

थोड्या वेळाने पायांचं धावणं मंदावलं. सुकट उठायला गेली, मागचे पाय घसरले, परत उठली. तिला अजून दिसत नव्हतं. ती वांग्याच्या रोपाला धडकली, बांधाला धडकली, गोल गोल फिरत राहिली. मग कार्मेनच्या पायाचा वास लागला तेव्हा थांबली आणि तिथेच बसून धापा टाकायला लागली. विन्सेंटने ओंजळीने तिच्या पंजांवर पाणी ओतलं. कार्मेनने मॅक्सीच्या खिशातला पावाचा तुकडा दिला. फीट गेली की तिला वाघासारखी भूक लागे.

तांबूस, आखूड केसांची, एका कानाचं टोक कुरतडलेली साधी गावठी कुत्री. व्हॅलेन्सियाने, म्हणजे त्यांच्या मुलीने, जेटीवरून पिल्लू उचलून आणलं होतं. आल्याच दिवशी त्याने अंगणात वाळत घातलेली अर्धी सुकट खाल्ली आणि पोट ढोलासारखं करून चटईवरच झोपलं. नाव तिथेच पडलं. दुसऱ्या वर्षी फीट यायला लागल्या. तेव्हापासून सकाळी चहाच्या वेळी एक गोळी आणि संध्याकाळी चर्चची घंटा झाली की एक, कलेजीच्या तुकड्यात दाबून. गोळ्यांनी ती जाड झाली होती, चालताना मागून थोडी डुलायची. पण रानडुकराचा वास तिला अजून सगळ्यांआधी लागायचा, आणि माठाच्या वाफ्यात कोणाची गाय शिरली तर ती भुंकून वाडी डोक्यावर घ्यायची.

कीथ दुपारी आला. पांढरा शर्ट, डोळ्यांवर चढवलेला गॉगल. ओट्यावर न बसता तो दारातच उभा राहिला.

"काकी, गेस्ट लोक निघून गेले," तो म्हणाला. "व्हिडिओ टाकलाय त्यांनी. खाली माझ्या जागेचं नाव. आता काय करू सांग."

"त्यांना सांगायचंस ना, कुत्री आजारी हाय म्हणून."

"कोण ऐकतं? वसईला एक संस्था आहे, तिथे ठेवतात अशा कुत्र्यांना. मी गाडी देतो. नायतर डॉक्टरला बोलाव, एक इंजेक्शन, तिलापण त्रास नाही."

"तिला काय त्रास हाय?" कार्मेनने विचारलं. "महिन्यातनं एकदा पडते, उठते, पाव खाते आणि कामाला लागते. तुझ्यापेक्षा जास्त काम करते ती."

विन्सेंट कोपऱ्यात गुडघ्याला तेल चोळत बसला होता. कीथ त्याच्याकडे वळला. "काका, तुम्ही तरी समजवा."

विन्सेंट तेल चोळत राहिला. बायको आणि पुतण्या यांच्यात तो कधीच बोलत नसे. कीथने थोडा वेळ वाट पाहिली. मग तो अगदी शांतपणे म्हणाला, "बावीची मोटर माझ्या मीटरवर चालते, काका. इतकी वर्षं मी कधी काही म्हटलं नाही. कुत्री इथे असेपर्यंत मोटर बंद."

कीथ निघून गेला. विहीर दोन्ही घरांची, आजोबांनी खणलेली, कुंपणाच्या बरोबर मधोमध. विन्सेंटचं डिझेल इंजिन कधीच भंगारात गेलं होतं. एप्रिल संपत आला होता आणि भेंडी नुकती धरली होती.

"कुत्रीच हाय गो शेवटी," विन्सेंट शेवटी म्हणाला.

कार्मेन भांडी घासत होती. तिने वळूनही पाहिलं नाही. "मग तूच ने तिला वसईला. तुझ्या हातनं गाडीत घाल. मी बघते."

विन्सेंटने पायाशी झोपलेल्या सुकटकडे पाहिलं. झोपेत तिचे पाय हलत होते, पण ते साधं स्वप्न होतं. तो उठला, माळ्यावर चढला आणि जाळीजळमटांतून जुनी लोखंडी कप्पी खाली घेऊन आला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच पंपाच्या खोलीला नवं कुलूप दिसलं. विन्सेंटने विहिरीवरच्या दगडी खांबांत आडवा वासा बसवला, त्याला कप्पी बांधली, खोबरेल तेल सोडलं आणि पोहरा आत टाकला. पाणी खूप खाली गेलं होतं. पोहऱ्याचा आवाज वर यायला वेळ लागला. मग दोघं मिळून दोर ओढायला लागली. विन्सेंट ओढायचा, कार्मेन पोहरा धरून झाऱ्यांत ओतायची, आणि दोन झाऱ्या कावडीला लावून वाफ्यांकडे चालायला लागायची. मोटरवर सकाळच्या न्याहारीपर्यंत जे भिजायचं, ते आता ऊन डोक्यावर आलं तरी अर्धं राहायचं.

पहिल्याच दिवशी विन्सेंटच्या तळहाताची सालं निघाली. कार्मेनने जुनी चादर फाडून त्याच्या हातांना पट्ट्या बांधल्या. तिच्या खांद्यावर कावडीचा काळानिळा वळ उठला. रात्री कूस बदलताना दोघंही कण्हायची. मुळा त्यांनी सोडून दिला, दुधीचे वेल सुकायला लागले तेही सोडले. भेंडी, वांगी आणि लाल माठ एवढंच धरायचं ठरवलं.

कीथ गॅलरीत उभा राहून बघायचा. खालच्या पडवीत त्याचा बाप ऑस्टिन आरामखुर्चीत बसलेला असायचा. तोही बघायचा. ऑस्टिन विन्सेंटपेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठा, सुकलेला, हळू बोलणारा माणूस. तरुणपणापासून त्याने कधी सायकल चालवली नाही, बोटीत कधी कडेला बसला नाही, समुद्रात पोहायला उतरला नाही. गावात त्याला भित्रा म्हणत. बायको टेरेझा गेल्यापासून तो कोणाकडे फारसा जातही नसे.

"दमाल, काकी," कीथ एकदा वरून म्हणाला.

"दमलो तर बसू," कार्मेन म्हणाली. "बसून परत उठू."

गावात मात्र गोष्ट पसरली होती. बोटीवर व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला होता. कार्मेन भाजीची टोपली घेऊन बोरिवलीला निघाली की जेटीवरच्या बायका विचारायच्या, "चावली तर नाय ना गो कोणाला?" नेहमीची एक गिऱ्हाईक बाई म्हणाली, "तुझ्या घरातली भाजी मुलांना द्यायला भीती वाटते." कार्मेनने तिच्या पिशवीतली भेंडी परत काढून टोपलीत टाकली. "मग नको घेऊस. भेंडीला फीट येत नाय, पण तुला सांगून काय उपयोग." सुकटला डॉक्टरकडे न्यायचं होतं तेव्हा बोटवाल्याने मान हलवली. "पॅसेंजर चढत नाहीत बाय, काय करू." मग ती आणि व्हॅलेन्सिया सुकटला रिक्षात घालून उत्तनवरून भाईंदरचा सगळा वळसा घेऊन बोरिवलीला गेल्या. सुकटने वाटेत व्हॅलेन्सियाच्या मांडीवर ओकारी काढली. व्हॅलेन्सिया दातांच्या दवाखान्यात कामाला होती, आणि पुढे तशीच ड्यूटीवर गेली.

डॉक्टर निधीने रक्त घेतलं, गोळीचं प्रमाण बघितलं आणि म्हणाली, "औषध छान लागू पडलंय. एकच लक्षात ठेवा, काकी. गोळी चुकवायची नाही. अचानक बंद झाली तर एकामागून एक फीट येतात, मग थांबवणं अवघड."

आणि नेमकी मे महिन्याच्या तोंडावर गोळी मिळेनाशी झाली.

व्हॅलेन्सियाने दुपारी फोन केला तेव्हा कार्मेन विहिरीवर होती. हात ओले, फोन स्पीकरवर कठड्यावर ठेवलेला.

"मम्मी, बोरिवलीत कुठेच नाय. कांदिवलीला पण जाऊन आले. वरूनच माल येत नाय म्हणतात."

"कुठलीच कंपनी नाय? फिनोबार्बच हवी म्हणून सांगितलंस?"

"सगळं सांगितलं गं. दोन दिवसांनी बघा म्हणतात."

"दोन दिवस? सकाळी शेवटची दिली मी. घंटा झाली की काय देऊ?"

विन्सेंटने दोर सोडला आणि पोहरा धाडकन खाली गेला. कार्मेन फोनकडे बघत राहिली. सुकट कठड्याच्या सावलीत पाय पसरून पडली होती. पलीकडे पडवीत ऑस्टिन खुर्चीत सरळ होऊन बसला होता, पण तिकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

ऊन कलल्यावर कार्मेन घरी येऊन चुलीपुढे बसली होती. विन्सेंट गावात दोन घरी विचारायला गेला होता, कोणाच्या ओळखीचा कोणी दुकानवाला आहे का म्हणून. मागच्या दाराशी काठी वाजली. ऑस्टिन उभा होता. केळीच्या बागेतून, कोणी बघणार नाही अशा वाटेने आला होता. धाप लागली होती.

"बस ना, ऑस्टिनदादा," कार्मेन गोंधळून म्हणाली. "पाणी देऊ?"

त्याने खिशातून हातरुमाल काढला आणि तिच्यापुढे उलगडला. आत गोळ्यांची पट्टी होती. कार्मेनने ती उचलली, उजेडाकडे धरली, नाव वाचलं. परत वाचलं.

"ही कुठे मिळाली तुला?"

"माझीच हाय."

ऑस्टिन उंबऱ्यावर बसला आणि काठीच्या टोकाने जमिनीवर रेघा ओढायला लागला.

"चोवीस-पंचवीसचा असेन. अंधेरीला कारखान्यात होतो. मशीनवर पडलो. तेव्हापासून घेतो. टेरेझाला ठाऊक होतं, दुसऱ्या कोणाला नाय. लग्नाआधीच सांगितलं तिला. ती म्हणाली, मग सायकल चालवू नकोस." तो किंचित हसला. "आता कित्येक वर्षं आली नाय. पण गोळी सोडली नाय."

"कीथला?"

"त्याला वाटतं प्रेशरची हाय."

कार्मेनने हात पुसले. तिने डॉक्टर निधीला फोन लावला, पट्टीवरचा आकडा वाचून दाखवला. डॉक्टरने सांगितलं, चालेल, अर्धी करून द्या. माणसाला आणि कुत्र्याला गोळी एकच असते. बाहेर चर्चची घंटा वाजायला लागली. कार्मेनने सुरीने गोळीचे दोन तुकडे केले, अर्धा कलेजीत दाबला आणि सुकटपुढे धरला. सुकटने न चावता गिळला. ऑस्टिनने कपाळाला, छातीला बोट लावून क्रूस केला आणि तिच्याकडे बघत राहिला.

"बावीच्या कडेला ती पडते तेव्हा मी बघतो," तो म्हणाला. "मला स्वतःला कधी दिसलं नाय ना, मी कसा पडतो ते. ती पडली की वाटतं, असाच असेन मी." मग काठी मांडीवर आडवी घेऊन, "तू तिला धरत नाय. बाजूला बसतेस. मला चौघं धरायचे. छातीवर बसायचे. एकाने चमचा घातला होता तोंडात, हे दोन दात तेव्हाचे गेले."

"मी कोणाला सांगायची नाय," कार्मेन म्हणाली.

"ठाऊक हाय," ऑस्टिन म्हणाला आणि आला त्या वाटेने गेला.

तिने विन्सेंटलाही सांगितलं नाही. शहरातून ओळखीने मिळाली एवढंच म्हणाली. तिसऱ्या दिवशी व्हॅलेन्सियाला दहिसरला एका दुकानात गोळ्या मिळाल्या. तिने हाताला लागतील तेवढ्या घेतल्या.

मे महिन्यात गावातल्या क्रूसावर रोज संध्याकाळी लदीन, म्हणजे सगळ्यांनी मिळून म्हणायची प्रार्थना, व्हायचं. क्रूसाला चाफ्याच्या माळा घालायच्या, मेणबत्त्या लावायच्या, बायका प्रार्थना म्हणायच्या, मग भिजवलेले चणे वाटायचे. सुकट दर वर्षी तिथे येऊन क्रूसाच्या पायरीखाली झोपायची आणि चणे मिळाले की उठायची. या वर्षी प्रार्थना म्हणणाऱ्या बाईने कार्मेनला वाटेत गाठून सांगितलं, "कुत्री घरी ठेव गो. लोक घाबरतात."

"कोणाच्या अंगावर गेलीय ती? नाव सांग मला."

"तसं कोणाच्या नाय..."

"मग येईल ती. तिचंपण गाव हाय."

विन्सेंट म्हणाला, कशाला वाद. कार्मेनने धुतलेली साडी नेसली, केसांत गजरा माळला आणि सुकटला घेऊन निघाली. दोन पावलांवर विन्सेंटही मागून आला.

क्रूसापुढे प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. कार्मेन मागच्या रांगेत बसली तशी तिच्या शेजारची बाई उठून पुढे गेली. सुकट पायरीखाली न जाता तिच्या खुर्चीखालीच बसली. कीथ त्याच्या बापाला धरून घेऊन आला होता. त्याने ऑस्टिनला पुढे खुर्चीत बसवलं आणि स्वतः बाजूला हात बांधून उभा राहिला. मेणबत्त्या वाऱ्याने विझत होत्या, कोणी ना कोणी पुन्हा लावत होतं. लदीन अर्ध्यावर आलं होतं. सगळे एका सुरात म्हणत होते, आणि कार्मेनला पोटरीवर ओझं जाणवलं.

तिने खाली पाहिलं. सुकट टेकली होती आणि ओठ चाटत होती.

पुढच्या खुर्च्या सरकवायला तिला वेळच मिळाला नाही. सुकट कोसळली, तिच्या पायांचा धक्का लागून दोन खुर्च्या उलटल्या. प्रार्थना तुटली. बायका उठल्या, मुलांना उचललं, कोणीतरी टेबलाला धडकलं आणि चण्याचं पातेलं पालथं झालं.

"बघितलं?" कीथ ओरडला. "सांगत होतो ना मी! उद्या कोणाला चावेल मग रडाल! दोरी आणा कोणीतरी, बांधा तिला!"

त्याचा माळी आणि आणखी एक जण पुढे आले. एकाच्या हातात दोरी होती, दुसऱ्याच्या हातात मंडपाचा बांबू.

कार्मेन गुडघ्यांवर बसून सुकटच्या भोवतीच्या खुर्च्या ढकलत होती. "कोणी जवळ येऊ नका. ओरडू नका. होतंय तिचं, होऊ दे."

तो बांबूवाला अजून पुढे आला. तेव्हा विन्सेंट मध्ये आला. त्याने कोणाला धक्का दिला नाही. नुसता उभा राहिला, पट्ट्या बांधलेले हात समोर धरून. पट्ट्यांतून पिवळं पाणी झिरपलं होतं.

"आधी मला बांध," तो म्हणाला. विन्सेंटचा एवढा मोठा आवाज गावाने ऐकला नव्हता. "गळ्यात घाल दोरी. ये."

"काका, बाजूला व्हा."

"नाय होणार."

"कीथ," पुढच्या खुर्चीतून आवाज आला. ऑस्टिन काठीवर भार देऊन उठत होता. "दोरी टाकायला सांग."

"पप्पा, तुम्ही बसा. तुम्हाला नाय समजत, ती पिसाळलीय."

"मलापण येतात."

कीथला कळलं नाही. "काय येतात?"

"फीट. अशाच. पडतो, फेस येतो, कपड्यात होतं. तुझ्या जन्माच्या आधीपासून. ती प्रेशरची गोळी नाय. तिची जी हाय, तीच माझी हाय." ऑस्टिन सगळ्या गावाकडे तोंड करून उभा राहिला. "घाला मलापण दोरी. वसईला पाठवा. कोणाला धीर होतो बघू."

कोणी हललं नाही. क्रूसाखाली फक्त सुकटचे दात वाजत होते आणि नखं सिमेंटवर घासत होती. मग तोही आवाज थांबत आला. बांबूवाल्याने बांबू मागे नेला. कीथ बापाकडे बघत होता. तो दोन पावलं पुढे आला, थांबला, आणि वळून अंधारत चाललेल्या गल्लीतून निघून गेला.

ऑस्टिनला उभं राहवत नव्हतं. प्रार्थना म्हणणारी बाईच पुढे झाली आणि तिने त्याला खुर्चीत बसवलं. "माझ्या मामीला होतं," ती कोणाला तरी म्हणाली. "कोंडून ठेवायचे." सुकट उठली, पडली, उठली, आंधळ्यासारखी खुर्च्यांत धडकत फिरली आणि मग सांडलेल्या चण्यांचा वास लागताच तिथेच खायला लागली. लदीन जिथे तुटलं होतं तिथून पुन्हा सुरू झालं. काही बायका लांबच उभ्या राहून म्हणत होत्या. त्या लांबच राहिल्या.

दुसऱ्या दिवशी कीथ वाडीत आला. रात्रभर झोपला नसावा. कार्मेन कावड खांद्यावर घेऊन चालली होती, ती थांबली नाही. तो तिच्याबरोबर वाफ्याच्या कडेने चालत राहिला.

"तुला ठाऊक होतं?"

"हो."

"मला का नाय सांगितलंस?"

"त्यांचं होतं. त्यांनी सांगायचं." तिने झारी तिरकी केली. पाणी भेंडीच्या बुडाशी पसरलं. "तू जरा बस त्यांच्यापाशी. मला काय विचारतोस?"

कीथने घराकडे एकदा वळून पाहिलं. मग त्याने खिशातून किल्ली काढली. "मोटर लावतो मी. फक्त एक कर. शनिवार-रविवार तिला बांधून ठेव. गेस्ट असतात तेवढा वेळ. एवढं तर करशील?"

कार्मेनने झारी खाली ठेवली. तिच्या खांद्यावरचा वळ सुजून टेकाडासारखा झाला होता. घरात विन्सेंट तापाने पडला होता. वांग्यांची पानं खाली झुकली होती. तिने किल्लीकडे पाहिलं.

"बांधलेली असताना फीट आली तर दोर गळ्याला आवळतो," ती म्हणाली. "पाय झाडते तेव्हा गुंडाळला जातो. मी शेतात असेन, मला कळणारपण नाय. मेलेली सापडेल. नाय बांधणार."

"काकी, दोनच दिवस..."

"एक तास नाय. ने तुझी किल्ली."

कीथने हात पसरला, खाली टाकला आणि किल्ली घेऊनच गेला. कार्मेन विहिरीवर गेली आणि पोहरा आत सोडला. एकटीने ओढताना दोर हातातून सुटत होता. तिने तो कमरेला वेढा देऊन धरला आणि मागे मागे चालायला लागली. पोहरा वर आला तेव्हा कोणीतरी तो कठड्यावर धरून झारीत ओतला. ऑस्टिन होता. काठी त्याने कठड्याला टेकवून ठेवली होती.

"दादा, नको. बावीच्या कडेला..."

"कठड्याच्या अलीकडे उभा राहतो. पडलो तर इथेच बाजूला पडेन." त्याने रिकामा पोहरा आत सोडला. "तू हायेसच."

त्या दिवसापासून तो रोज यायला लागला. त्याच्याने दोर ओढवत नसे, पण पोहरा धरून ओतायचं काम तो करायचा. ताप उतरल्यावर विन्सेंट आला, मग तिघं झाली. शनिवारी खोल्यांत पाहुणे आले. गॅलरीत चहाचे कप घेऊन ते बघत होते आणि कोणीतरी कीथला विचारलं, ते म्हातारे आजोबा कोण. कीथ काय म्हणाला ते खाली ऐकू आलं नाही. ऑस्टिनचा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता आणि सुकट त्याच्या चपलेवर डोकं ठेवून झोपली होती.

सोमवारी सकाळी पंपाच्या खोलीचं कुलूप निघालेलं होतं. दाराला कडी घातलेली नव्हती, किल्ली नव्हती, कोणी उभंही नव्हतं. विन्सेंटने आत जाऊन बटण दाबलं. मोटर खोकली आणि मग पाणी उसळून पाटात आलं. अट कुठलीच आली नाही. कार्मेननेही आभार मानायला कोणाला पाठवलं नाही. दुधी गेला होता, मुळा गेला होता. वांग्यांची निम्मी रोपं वाचली, भेंडी जवळजवळ सगळी. विन्सेंटच्या हातावर नवी कातडी आली, ती गुलाबी आणि लहान मुलाच्या तळव्यासारखी मऊ होती.

कीथ अजून कार्मेनशी धड बोलत नाही. पण संध्याकाळी चर्चची घंटा वाजली की तो पडवीत बापापुढे पाण्याचा ग्लास आणून ठेवतो आणि गोळी घेईपर्यंत तिथेच उभा राहतो.

पाऊस तोंडावर आला असताना एका रविवारी कार्मेन माठ काढत होती. सुकट येऊन टेकली. कार्मेनने विळा लांब टाकला, पाटाचं पाणी वळवलं आणि गोणपाट घेऊन तिच्याजवळ बसली. कुंपणापलीकडे पाहुण्यांची गर्दी जमली. एक मोबाइल वर आला, मग दुसरा. कोणीतरी म्हणालं, अरे, हिला काहीतरी होतंय, बांधा कोणीतरी.

कार्मेनने मान वर करून सगळ्यांकडे एकदा बघितलं.

"बघायचं असेल तर बघा," ती म्हणाली. "पण गप उभं राहून बघा. तिला आवाज सोसत नाय."